कवी, श्रोता आणि गळालेला फर्मा

कविता करणे हा एक प्रकारचा ज्वर असून वयाच्या पंचविशीनंतर तो आपोआप उतरतो, असे आमचे तीर्थरूप म्हणत असत. माझा तो उतरला नाही. आज माझे वय ६७ आहे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शाळा, पुढे पाठशाळेत पंचमहाकाव्ये आणि थोडेसे अलंकारशास्त्र, त्यानंतर ३६ वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकून घेणे, असा माझा सरळ व निरुपद्रवी आयुष्यक्रम. परंतु या साऱ्या काळात पंधरवडा कवितेवाचून गेला असे सहसा घडले नाही. १७ वह्या भरल्या आहेत. विषय मिळत नाही अशी तक्रार मला कधी करावी लागली नाही. वृत्त अडले तर घटका-दोन घटकांत सुटते. तक्रार आहे ती निराळीच. श्लोक रचावयास जितका वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ तो ऐकून घेणारा मनुष्य शोधण्यात जातो, आणि पुष्कळदा मनुष्य सापडेपर्यंत श्लोकच शिळा होऊन बसतो.

वाचक म्हणतील, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या गृहस्थाला श्रोत्यांची वाण कसली? आमच्या वाईच्या घरात लहानमोठी मिळून ११ माणसे आहेत, ही गोष्ट खरी. परंतु अशा घरात ज्याने एखादी कविता वाचून दाखविण्याचे धाडस केले आहे त्यालाच ठाऊक की, ११ माणसांच्या घरात २२ कान असतात आणि त्यांपैकी एकही मोकळा नसतो. धाकटे बंधू जमाखर्चाचे मनुष्य. पहिला चरण कानी पडताच त्यांना विजेचे बिल आठवते. भावजय मोठ्या आदराने हात पुसून समोर येऊन बसते, पण दुसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी होते. ती शिट्टी माझ्या विरुद्ध असते की श्रोत्यांच्या बाजूने, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही. सूनबाई स्वभावाने गोड. "छान झाली आहे, बाबा," असे ती मनापासून म्हणते. फक्त ते कविता संपण्यापूर्वी म्हणते. चिरंजीव पुण्यास नोकरीस असतो व शनिवारी येतो. त्याने तोड सुचविली की, "बाबा, तुम्ही कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकत जा, म्हणजे ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो वाचील."

त्याप्रमाणे एके दिवशी सकाळी ३२ ओळींची एक कविता मी नातवाकडून त्या गटावर घालविली. गटात सोयरेधायरे मिळून ४६ माणसे. मिनिट पुरते उलटले नसेल तोच जोडलेल्या हातांची पहिली चित्रे येऊ लागली, आणि माझा चहा होईपर्यंत ती १८ झाली. मी घड्याळ पुढे ठेवून ती कविता स्वतःशी म्हणून पाहिली. घाई केली तरी चार मिनिटे लागतात. तेव्हा एक मिनिटाच्या आत हात जोडणारी ही मंडळी कवितेला नमस्कार करीत होती, की 'आता पुरे' म्हणून विनवीत होती, हे कळेना.

बाहेरचा अनुभव याहून बरा नाही. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका गावी कविसंमेलन भरले होते. मला निमंत्रण आले. निमंत्रण म्हणजे नावनोंदणीचे शुल्क भरल्याची पावतीच ती. ६१ कवी, प्रत्येकास तीन मिनिटे, आणि तीन मिनिटांनंतर घंटा. माझा क्रम ४७ वा होता. सकाळी मांडव भरलेला पाहून मला फार उल्हास वाटला; परंतु लवकरच ध्यानात आले की, समोर बसलेला प्रत्येक जण मांडीवर वही घेऊन बसला आहे. आपली कविता झाली की तो वही पिशवीत घाली, शेजाऱ्याला नमस्कार करी आणि उठून जाई. माझे नाव पुकारले तेव्हा माझ्यामागचे १४ उरले होते. त्यांपैकी पाच चहाला गेले होते. राहिले नऊ आणि ध्वनिक्षेपकवाला. त्यातल्या त्यात ध्वनिक्षेपकवाल्याने लक्ष देऊन ऐकले, कारण माझ्या आवाजाने त्याचे यंत्र शीळ घालीत होते. येथवर सांगून मी थांबलो असतो तर वाचकांची सहानुभूती सगळी माझ्याकडे राहिली असती. परंतु खरे सांगावयाचे तर, माझी कविता होताच मीही शेवटची एस. टी. गाठण्याच्या सबबीवर निघालो. ४८ व्या कवीपुढे किती जण उरले ते मी पाहिले नाही.

या उन्हाळ्यात मनाला विरंगुळा म्हणून राजशेखराची काव्यमीमांसा पुन्हा काढली. विद्यार्थिदशेत ती परीक्षेपुरती वाचली होती, म्हणजे वाचलीच नव्हती. हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत पहिले पुष्प म्हणून निघाला. राजशेखर इसवी सनाच्या ९०० च्या सुमाराचा. कनोजच्या महेंद्रपालाचा गुरू. त्याच्या पूर्वजांपैकी अकालजलद यास महाराष्ट्राचा चूडामणी म्हटलेले आहे, म्हणून आपणांस त्याचेविषयी थोडी आपुलकी वाटावयास हरकत नाही. ग्रंथाची १८ अधिकरणे करण्याचा त्याचा संकल्प होता. त्यांतील 'कविरहस्य' हे पहिले अधिकरण तेवढे आज आपल्या हाती आहे. रस, ध्वनी, अलंकार यांवर संस्कृतात ग्रंथ उदंड झाले. पण कवीने उठावे केव्हा, बसावे कोठे, लिहावे कशावर आणि वाचून दाखवावे कोणाला, याचा असा घरगुती विचार करणारा ग्रंथ माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

कवीच्या दिवसाचे त्याने प्रहर पाडून दिले आहेत. पहिल्या प्रहरी विद्यांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह, सकाळच्या रचनेची तपासणी. कारण तो म्हणतो की, रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी निवड करणारी राहत नाही. रात्रीच्या पहिल्या प्रहरी, तपासून उरले असेल ते लिहून काढावयाचे. जवळ फळी आणि खडू असावा, दौत-लेखणी असावी, ताडपत्रे आणि भूर्जपत्रे असावीत, इतकेच नव्हे तर घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीही असाव्यात. हे वाचून मी आमच्या माजघराच्या भिंतीकडे पाहिले. परंतु तिजवर नातवाने आपला पाठ आधीच लिहून ठेवला होता.

याहून मला नवल वाटले ते राजाच्या कर्तव्यांचे. राजाने कविसभा बांधावी. तिला १६ खांब आणि चार दारे असावीत. उत्तरेस संस्कृत कवी, पूर्वेस प्राकृत, पश्चिमेस अपभ्रंश आणि दक्षिणेस पैशाची भाषेचे कवी बसावेत. त्यांच्या मागे वैद्य, ज्योतिषी, नट, गायक, चित्रकार, जवाहिरे अशा ज्या त्या मंडळींनी बसावे. तात्पर्य, श्रोते गोळा करणे हे काम राजशेखराच्या हिशेबी राजाचे होते. कवीला ते करावे लागत नसे. शिवाय कवींच्या मागे जवाहिरे आणि चित्रकार बसत, म्हणजे ज्यांच्या मांडीवर स्वतःची वही नाही अशी माणसे बसत. आमच्या त्या कविसंमेलनात न्यून होते ते नेमके याचेच.

राजशेखराने कवीला एक इशारा दिला आहे तो वाचून मी मोठ्याने हसलो. नवी रचना एकट्या मनुष्यापुढे म्हणू नये, असे तो बजावतो. कारण त्याने ती आपलीच म्हणून सांगितली तर साक्षीदार आणावयाचा कोठून? काय तो काळ! ज्या काळी कविता चोरीला जाण्याची भीती होती, त्या काळी तिला काही मोल असले पाहिजे. माझी १७ वह्यांची पेटी मी ओसरीवर उघडी ठेवून पंढरपूरला जाऊन येऊ शकतो.

असो. या ग्रंथाने माझ्या तक्रारीला एक शास्त्रीय नाव मिळवून दिले. राजशेखर प्रतिभेचे दोन भेद करतो: एक निर्माण करणारी, कारयित्री, दुसरी आस्वाद घेणारी, भावयित्री. पहिली कवीच्या उपयोगाची, दुसरी श्रोत्याच्या. दुसरीवाचून पहिली म्हणजे फळावाचून वृक्ष. आणि या दुसरीच्या स्वामींचे, म्हणजे भावकांचे, तो चार प्रकार सांगतो. पहिला अरोचकी, याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही खाणारा; हा जे पुढे येईल त्याला उत्तम म्हणतो. तिसरा मत्सरी; याला गुण कळतो, पण तो तोंड उघडीत नाही. चौथा तत्त्वाभिनिवेशी, हा शब्दांची गुंफण पारखतो, रस चाखतो, तात्पर्य शोधतो, आणि असा हजारांत एखादाच असतो.

हे वर्गीकरण हाती आल्यापासून माझी मोठी करमणूक झाली आहे. मोबाईलवर हात जोडणारे १८ आप्त हे दुसऱ्या वर्गात सरळ गेले. बंधू पहिल्यात. शाळेतील माझे एक सहाध्यापक, जे स्वतः अभंग करीत आणि माझे श्लोक ऐकताना खिडकीबाहेर पाहत, त्यांना तिसऱ्या वर्गात घालताना मला जरा अधर्म्य आनंद झाला, हे कबूल करतो. चौथा वर्ग मात्र बरेच दिवस रिकामा राहिला.

राजशेखर आणखी एक यादी देतो. ती हसण्याजोगी नाही. काव्यप्रबंध कशाकशाने नष्ट होतात ते त्याने सांगितले आहे: गहाण पडल्याने, विकल्याने, दान दिल्याने, देशत्यागाने, कवीच्या अल्पायुष्याने, अग्नीने, पाण्याने, त्याशिवाय दारिद्र्य, व्यसन, अनास्था. म्हणून प्रती अनेक करून ठेवाव्यात, असा त्याचा उपदेश आहे. ही यादी वाचताना मला आमचे मराठी कवी एकामागून एक आठवू लागले. केशवसुत माझ्यासारखेच मॅट्रिक झालेले, १८८९ साली, माझ्यासारखेच शाळामास्तर. १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, आणि हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी त्यांच्या कविता एकत्र करून छापविल्या. ज्याला आज आपण आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतो, त्याने आपली कविता पुस्तकरूपाने कधी पाहिलीच नाही! बालकवी १९०७ साली जळगावच्या पहिल्या कविसंमेलनात उभे राहिले तेव्हा १७ वर्षांचे होते. तेथे अध्यक्षस्थानी कर्नल कीर्तिकर होते, आणि बालकवी ही पदवी तेथलीच. त्या संमेलनाची खटपट करणारे नारायण नरसिंह फडणीस हे जळगावाहून 'काव्यरत्नावली' नावाचे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत. म्हणजे तेथे १६ खांबांचा राजा नव्हता, पण ते काम अंगावर घेणारा एक गृहस्थ होता. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली बालकवी गेले, वय २७.

या दोघांहून मला विचारात पाडले ते बहिणाबाईंनी. त्यांस लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व एक मावसभाऊ ते टिपून ठेवीत. १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून निघाली. ज्या बाईने जन्मभर श्रोता शोधला नाही तिला साऱ्या महाराष्ट्राचे श्रोते मिळाले, हे वाचून मला प्रथम थोडा रागच आला. नंतर वाटले, तिला पहिला श्रोता घरातच होता, आणि त्याच्या हाती लेखणी होती.

कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ साली निघाली ती वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढली. खांडेकर स्वतः पुष्कळ वर्षे शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. मास्तराने आपली कविता छापविण्यास पदरमोड केल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. दुसऱ्याची छापविण्यास केल्याचे हे एक. आपल्या १७ वह्यांच्या काळात मी दुसऱ्या कोणाची एक वही तरी शेवटपर्यंत वाचली का, असा प्रश्न येथे मनात आला. पण तो मी तूर्त बाजूस सारला, कारण मला माझ्या पुस्तकाची हकीकत सांगावयाची आहे.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, २०१९ साली, मी एक संग्रह छापविला. प्रकाशकांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. २७,००० रुपये मी दिले, ३०० प्रती त्यांनी दिल्या; 'दुकानांतून ठेवू' असे आश्वासनही दिले, ते मात्र दुकानांपर्यंत पोचले नाही. पुस्तक ११२ पानांचे, म्हणजे १६ पानांचे सात फर्मे. विक्री ११ प्रतींची झाली. १५७ प्रती मी वाटल्या, बहुतेक लग्नमुंजींतून, आहेराच्या पाकिटाबरोबर. आणि उरलेल्या १३२ माळ्यावर, जुन्या पाटांच्या शेजारी ठेवल्या. ज्यांना प्रती दिल्या त्यांपैकी नऊ जणांची पत्रे आली. पत्रे मी जपून ठेविली. एका निवृत्त स्नेह्याने तर पान ७२ वरील आजोळच्या वाड्याची कविता वाचून डोळ्यांत पाणी आले, असे लिहिले होते. ते पत्र मी घरात सर्वांना वाचून दाखविले होते. पत्र मात्र सर्वांनी ऐकले.

आता आमच्या घरातील मंडळींविषयी सांगितले पाहिजे. इतका वेळ मी श्रोता मिळत नाही म्हणून रडगाणे गायिले; पण लग्नाला ४० वर्षे झाली, आणि या ४० वर्षांत माझी प्रत्येक कविता एका व्यक्तीने ऐकली आहे. रात्रीचे आवरून झाले की सौ. माजघरात भाजी निवडीत किंवा वाती वळीत बसे आणि मी वही उघडी. ती मध्येच काही विचारीत नसे. संपल्यावर "झाली?" म्हणे, आणि चांगली वाटली असेल तर आणखी एक वात वळेपर्यंत उठत नसे. मला तेवढे पुरे होते. श्रोता शोधावयाचा म्हणजे तो घराबाहेरचा, असे मी समजत असे. तिला मी श्रोत्यांत धरीतच नव्हतो, जसे आपण श्वासाला अन्नात धरीत नाही.

गेल्या दोन-अडीच वर्षांत तिला ऐकू येणे कमी झाले. उजव्या कानाने जवळजवळ नाहीच. कानाचे यंत्र आणविले. त्याने बोलणे कळते, पण मी चालीवर म्हणू लागलो की आत नुसता गुंजारव होतो, शब्द सुटे होत नाहीत, असे ती सांगते. काही दिवस तिने मला हे कळू दिले नाही. वाती वळीत बसे आणि थांबलो की "झाली?" म्हणे. एके रात्री मी श्वास घेण्यासाठी कडव्याच्या मध्येच थांबलो, आणि ती "झाली?" म्हणाली. तेव्हा मला समजले. मी वही मिटली. त्यानंतर दोन महिने मी ओळ लिहिली नाही. हे घरात कोणाच्या लक्षात आले नाही, आणि ते साहजिकच होते.

लक्षात आले ते तिच्याच. एके दिवशी दुपारी ती नातवाला माळ्यावर चढवून माझ्या पुस्तकाची एक प्रत काढून घेऊन आली आणि चष्मा लावून वाचावयास बसली. "मी हे कधी वाचलेच नव्हते," ती म्हणाली, "सगळे ऐकलेलेच म्हणून." रोज दोन-तीन पाने असे तिचे चालले. पाचव्या-सहाव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून पुस्तक हाती घेऊन ओसरीवर आली. "अहो, यात वाड्याची कविता कुठे आहे? चौसष्ट पानानंतर पुन्हा एकोणपन्नासच आले."

मी पुस्तक घेऊन पाहिले. पान ६४ नंतर पुन्हा पान ४९. एक फर्मा दोनदा बांधला गेला होता आणि ६५ ते ८० पानांचा फर्मा साफ गळाला होता. १३ कविता त्या पुस्तकात नव्हत्याच! चिरंजीव शनिवारी आल्यावर आम्ही माळ्यावरचे सर्व गठ्ठे खाली काढले. १३२ पैकी ९७ प्रती अशाच. आमच्या वाईतच वाटलेल्या २३ प्रती मी पुढील आठवड्यात निरनिराळ्या निमित्तांनी पाहून आलो. त्यांपैकी १५ अशाच. त्या निवृत्त स्नेह्यांकडेही गेलो. त्यांची प्रत कपाटात ठेवणीत होती, वर जिलेटिनचे वेष्टनही घातले होते. त्यांत पान ७२ नव्हते. अनुक्रमणिकेत मात्र वाड्याच्या कवितेचे नाव होते, आणि नावही असे की त्यावरून डोळ्यांत पाणी येणे अशक्य नव्हे. मी पुस्तक जागेवर ठेविले, चहा घेतला आणि आलो. बिचाऱ्याने माझ्यासाठी खोटे पाणी आणले होते; त्याला खरे पाणी कशाला आणावयाचे?

प्रकाशकांना फार कडक पत्र लिहावयास बसलो. दोन पाने लिहून झाल्यावर सौ. म्हणाली, "पण तुमची स्वतःची प्रत कशी आहे?" माझी प्रत, जीवर मी लाल शाईने 'लेखकाची' असे लिहिले आहे ती, मेजाच्या खणातून काढली. तीतही तोच दोष. ती प्रत मी शेकडो वेळा उघडली होती. परंतु जी कविता कोणाला दाखवावयाची तेवढेच पान उघडीत आलो होतो. पाच वर्षांत मी माझे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले नव्हते. ते कडक पत्र मी पाठविले नाही. १५७ जणांवर राग धरण्याचा माझा अधिकारही त्याबरोबरच गेला.

त्या दिवसापासून आमच्याकडे निराळी पद्धत सुरू झाली. मी कविता मोठ्या अक्षरांत लिहून तिला देतो. ती दुपारी चष्मा लावून वाचते आणि पेन्सिलीने खुणा करते. वाचकांस वाटेल की येथून पुढे सर्व गोड आहे. तसे नाही. पहिलीच कविता मी दिली ती कृष्णेच्या घाटावरील, मंदाक्रान्ता वृत्तातील. माझ्या मते माझी उत्तम रचना, कृष्णाबाईच्या उत्सवात एकदा म्हटलेली. ती चार ठिकाणी रेघा ओढलेली परत आली. एका श्लोकात 'सुरम्य', 'सुमंगल' आणि 'सुमधुर' तिन्ही होते. तिन्हींतील 'सु'भोवती तिने वर्तुळे केली होती. मी सांगितले की चरणाची १७ अक्षरे भरावयाची असतात. चौथ्या, मग सहा, मग सात अक्षरांवर विराम पडावा लागतो. ती म्हणाली, "भरायचीच ना? मग खरे काही भरा." आणि खाली, जेथे मी चैत्रातील पहाटे दुथडी वाहणारी नदी वर्णिली होती, तेथे समासात लिहिले होते: चैत्रात पाणी? धोम धरणातून सोडले असेल तरच.

मला राग आला. "ही कविता तू २० वर्षांपूर्वी ऐकलीस, तेव्हा का नाही बोललीस?" मी विचारले, अर्थात मोठ्याने विचारले, त्यामुळे सगळ्या घराने ऐकले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा तुमचा आवाज ऐकत होते. कवितेकडे लक्ष असेच असे नाही. तुम्ही म्हणताना चांगले वाटे."

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतेच बोललो. ४० वर्षांचा माझा एकमेव श्रोता, आणि त्यानेही कविता ऐकली नव्हती! परंतु मनात एक गोष्ट घोळू लागली. पूर्वीचे कवी आपली कविता आवाजावर जगवीत. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. १९२३ साली पुण्यास निघालेल्या रविकिरण मंडळातील कवींनी काव्यगायनाने सभागृहे भरविली. आवाज हा कवितेचा नवरा. तो बरोबर असला की तिला कोणी तिचे नाव विचारीत नाही. माझा कंठ बरा आहे, असे लोक म्हणत. त्याने माझ्या किती 'सु'-'सु' पाठीशी घातल्या असतील, देव जाणे. कागदावर त्या एकट्या उभ्या राहिल्या, आणि पेन्सिलीने त्यांस नाव विचारले.

राजशेखराचे पुस्तक मेजावर होतेच. त्यात काही ठिकाणी, मोठमोठ्या आचार्यांची मते देऊन झाल्यावर, तो 'अवंतिसुंदरीचे म्हणणे असे' म्हणून एक निराळे मत नोंदवितो. अवंतिसुंदरी म्हणजे त्याची पत्नी. चाहमान कुळातील ती. त्याच्या 'कर्पूरमंजरी'चा प्रयोग तिच्या इच्छेवरून झाला असे त्या नाटकाच्या प्रारंभीच सांगितलेले आहे. विद्यार्थिदशेत ती नावे मी परीक्षेसाठी पाठ केली होती. आता मनात आले की, हा कनोजच्या राजाचा गुरू, १६ खांबांच्या सभेचा आराखडा काढणारा. याला चौथ्या प्रहरी सकाळच्या कवितेवर रेघा ओढून देणारे माणूस घरीच असले पाहिजे, आणि त्याने ते ग्रंथात लपविले नाही.

तिसऱ्या दिवशी मी तो श्लोक पुन्हा बांधावयास घेतला. दुथडी काढून टाकली. चैत्रात घाटाच्या शेवटच्या पायरीखाली जे शेवाळलेले दगड उघडे पडतात, आणि त्यांतून बायका कळशी आडवी करून पाणी भरून घेत, ते आणले. 'सु' तिन्ही गेले. त्यांच्या जागी अक्षरे बसवावयास मला ११ दिवस लागले, आणि पूर्वी मी एका दिवसात कविता करीत असे हे लक्षात घेता, माझी प्रगती होत आहे की अधोगती, हे सांगणे कठीण आहे. नऊ फर्मे पुरतील इतकी कविता असलेल्या १७ वह्यांपैकी आतापर्यंत दीड वही तपासून झाली. त्या दीड वहीतून उरल्या आहेत सहा कविता.

चिरंजीवाने गळालेला फर्मा छापून घेऊन ९७ प्रती दुरुस्त करविण्याची तयारी दाखविली आहे. पण त्या फर्म्यातील १३ कविता अजून सौ.च्या हाताखालून गेलेल्या नाहीत. वाड्याची कविता मी गेल्या सोमवारी दिली. आज शुक्रवार. ती देवघरातील पोथीत खुणेसाठी ठेवलेली मला सकाळी दिसली. कागदाचा एक कोपरा बाहेर होता, आणि तेवढ्या कोपऱ्यावर तरी पेन्सिल लागलेली नव्हती.